सुदृढ बालक कोणाला म्हणावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शोळिंगनल्लूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत मला पाचारण केल्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा, 'मुलांचा लठ्ठपणा आणि सार्वजनिक आरोग्यधोरण', असे मी सांगितले. ते क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, प्रसंग आनंदाचा आहे. काही हलकेफुलके नाही का सांगता येणार?" विषय हलका नाही हे तर त्याच्या नावातच आहे! असो. मी हा विषय का निवडला हे सांगायचे तर मला आपल्याच मंडळाच्या इतिहासातील एका प्रसंगाकडे जावे लागेल. तो प्रसंग आजच्या स्मरणिकेतील गौरवपर लेखांत आपणांस सापडणार नाही.

१९८१ साली मी मिरजेहून मद्रासला आलो. बालरोगतज्ज्ञ म्हणून नुकता व्यवसाय थाटला होता आणि तमिळचा गंध नव्हता. मंडळानेच मला माणसे दिली. त्या ऋणापोटी गणेशोत्सवात जी कामे अंगावर येत ती मी आनंदाने करीत असे. त्यांपैकी एक म्हणजे 'सुदृढ बालक स्पर्धे'चे परीक्षण. आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना त्या स्पर्धेचा थाट आठवत असेल. झबली, कुंच्या, दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट, आणि रांगेत मांडी घालून बसलेल्या, विजयापेक्षा अपयशाचीच अधिक धास्ती घेतलेल्या माता. बक्षिसे एका डब्याच्या दुधाच्या कंपनीने पुरस्कृत केलेली असत. परीक्षक म्हणून माझ्याजवळ एक तराजू, एक फूटपट्टी आणि भरपूर आत्मविश्वास होता.

१९८७ साली मी पहिले बक्षीस एका दहा महिन्यांच्या मुलाला दिले. त्याचे वजन साडेअकरा किलो भरले. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या, गाल खाली आलेले, मांड्यांवर घड्या. सारा मांडव त्याला हात लावायला धावला. "गुटगुटीत आहे हो!" हा उद्गार चारी बाजूंनी निघाला, आणि मागे उभ्या असलेल्या तमिळ शेजारणींनी 'कोळुकोळु' म्हणून त्याच भावनेला आपल्या भाषेत दुजोरा दिला. दोन भाषांना इतका नेमका समानार्थी आणि इतका कौतुकाचा शब्द सापडावा, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. दुष्काळ आणि बालमृत्यू पाहिलेल्या समाजांना चरबी ही आयुष्याची ठेव वाटते. त्यांचे चुकत होते असेही नाही. चूक झाली ती माझी. कारण त्याच रांगेत आणखी एक बाळ होते. वजन नऊ किलोंच्या आसपास, डोळे चमकदार, धरून उभे राहणारे, हातातले खेळणे टाकून पुन्हा उचलणारे. वैद्यकशास्त्राप्रमाणे त्या दिवशी मांडवातले ते सर्वांत निरोगी मूल होते. त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नाही. त्याची आई मला जाताना म्हणाली, "आमचं जरा अंगानं कमीच आहे, नाही का?" आणि मी, एम. डी. झालेला माणूस, "पुढच्या वर्षी बघू", असे म्हणालो.

त्या विजेत्या मुलाला वयाच्या चौतिसाव्या वर्षी मधुमेह झाल्याचे निदान झाले. आज तो येथून दोन किलोमीटरवर राहतो, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या आईच्या दिवाणखान्यात ते प्रशस्तिपत्र चौकटीत आहे आणि त्यावर माझी सही आहे. माझ्या बक्षिसामुळे त्याला मधुमेह झाला असे म्हणण्याइतका मी अशास्त्रीय नाही. पण आपण कशाला टाळ्या वाजवल्या, हे ती चौकट मला प्रत्येक भेटीत विचारते. त्याच्या अनुमतीनेच मी हे येथे सांगत आहे.

आता ज्या जागी आपण बसलो आहोत तिच्याकडे पाहू. मी आलो तेव्हा शोळिंगनल्लूर हे महाबलिपुरमच्या जुन्या रस्त्यावरचे एक खेडे होते. एका अंगाला बकिंगहॅम कालवा, दुसऱ्या अंगाला शेते आणि पाणथळ, मध्ये ताडाची झाडे. पुढे संगणकउद्योग आला, रस्त्याचे राजीव गांधी सालै झाले, २०११ मध्ये हा भाग चेन्नै महानगरपालिकेत सामील झाला. किल्पॉक, एग्मोर या बाजूंना विखुरलेली आपली कुटुंबे आणि पुण्या-नागपुराहून नव्याने आलेली तरुण मंडळी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या रस्त्यावर स्थिरावली. येथील एका मुलाचा दिवस कसा जातो? सकाळी सात वाजता शाळेची बस. दुपारी चारला परत. मग शिकवणी. पाचव्या मजल्यावरून खाली उतरावे तर वाहनतळ. फाटकाबाहेर जावे तर पदपथ नाही, आणि मेट्रोच्या बांधकामाने उरलासुरला रस्ताही गिळला आहे. आई आणि वडील दोघेही रात्री आठला येतात. तोवर घरपोच अन्न आणणाऱ्या दुचाकीचा भोंगा दारात वाजतो. या मुलाला "तू खेळत का नाहीस?" असे विचारणे म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला "तू उडत का नाहीस?" असे विचारणे आहे.

ही केवळ माझी कुरकुर आहे असे वाटू नये म्हणून याच शहरातील एक अभ्यास सांगतो. डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने चेन्नैतील ५१ शाळांतील १८,९५५ मुलामुलींची मोजमापे घेतली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय निकषाने खाजगी शाळांत अतिवजन व लठ्ठपणा मिळून प्रमाण २१.४ टक्के होते, तर सरकारी शाळांत ३.६ टक्के. एकाच शहरात, एकाच उन्हात, एकाच पावसात वाढणाऱ्या मुलांमध्ये सहापट अंतर! मुलांच्या जिभेचा किंवा स्वभावाचा दोष म्हणावा, तर जीभ आणि स्वभाव शाळेच्या शुल्काप्रमाणे बदलतात असे म्हणावे लागेल.

परंतु या आकड्यांतून सरकारी शाळेतले मूल निरोगी आहे असा अर्थ काढू नये. आपल्यापैकी सौकारपेठेत गलाईचा व्यवसाय करणारी खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे मला अनेक वर्षे परिचित आहेत. त्यांची मुले सडपातळ दिसत आणि मी निश्चिंत असे. ती निश्चिंतीही किती पोकळ होती हे मला पुण्याने शिकवले. या ठिकाणी मला थोडा वेळ रेंगाळू द्यावे, कारण जगाच्या वैद्यकाला मराठी मातीने दिलेल्या या ज्ञानाची महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत फारशी वार्ता नसते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास आरंभिला. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, मग गर्भ, मग बाळ, मग ते बाळ मोठे होईपर्यंत त्याचा मागोवा घ्यायचा. या शेतकरी स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होते. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. तेथील बाळाचे सरासरी जन्मवजन साडेतीन किलो, आपल्या बाळाचे २.७ किलो. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, सर्व काही कमी. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरली जाणारी चरबीची घडी तेवढी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच! म्हणजे निसर्गाने सर्वत्र काटकसर केली, चरबी मात्र राखून ठेवली. 'कृश तरी स्थूल' असे या भारतीय बाळाचे वर्णन झाले.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२ टक्के. तराजू दोघांनाही एकच गुण देतो. मी १९८७ साली ज्या तराजूवर विसंबलो तो किती अर्धवट साक्षीदार होता, हे या छायाचित्राइतके प्रभावीपणे मला कोणी सांगितलेले नाही.

यातून धोरणासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुलाच्या लठ्ठपणाचा प्रतिबंध हा मुलाच्या ताटापासून नव्हे, त्याच्या आईच्या ताटापासून सुरू होतो. पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने चांगली असल्याचे दिसले. केवळ अधिक खाणाऱ्यांची नव्हे. म्हणून कुपोषणाचे खाते वेगळे आणि लठ्ठपणाचे खाते वेगळे, अशी जी शासकीय वाटणी आपण करतो तीच मुळात चुकीची आहे. मेळघाट आणि हा राजीव गांधी सालै ही एकाच पुस्तकाची दोन पाने आहेत. आणि दुसरे असे की, इंग्रज किंवा अमेरिकन मुलासाठी आखलेली सीमारेषा आपल्या मुलाला उशिरा सावध करते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी स्वतंत्र वाढतक्ते प्रसिद्ध केले. त्यांत प्रौढांच्या २३ या निर्देशांकाला समतुल्य रेषेपासूनच अतिवजन धरले आहे, पाश्चात्त्यांसारखे २५ पासून नाही. या कामातही पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. घरी तक्ता नसेल तर साधा सुतळीचा तोडा पुरे. मुलाच्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, ती दुमडून निम्मी करावी आणि पोटाभोवती गुंडाळावी. टोके जुळली नाहीत तर डॉक्टरांकडे जावे. पाच वर्षांच्या पुढील मुलांसाठी ही कसोटी बरीच विश्वसनीय आहे, आणि तिला वीज लागत नाही.

आता शासनाने काय करावे? येथे एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. कोणी काय खावे हा घरचा प्रश्न, त्यात सरकारने नाक का खुपसावे? मी आपणांस त्या डब्याच्या दुधाकडे पुन्हा नेतो. आमच्या स्पर्धेत विजेत्याला डबे मिळत. १९९२ साली भारताच्या संसदेने कायदा केला. अर्भकांसाठीच्या पर्यायी दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, भेटी, सारे बंद झाले. २००३ साली तो अधिक कडक झाला. त्या कायद्याने कोणत्याही आईच्या स्वयंपाकघरात शिपाई पाठवला नाही. फक्त आई आणि बाळ यांच्या मध्ये जो विक्रेता येऊन बसला होता त्याला उठवले. आपल्या देशाला हे जमते, याचा हा रोकडा पुरावा आहे. मग सहा महिन्यांच्या बाळाला जे संरक्षण दिले ते सहा वर्षांच्या बाळाला का नाही?

इतर देशांनी काय केले? मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरी पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटली, गरीब घरांत त्याहून अधिक. ब्रिटनने २०१८ साली अधिक चतुराई दाखवली. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. पाच ते आठला कमी, आठच्या वर जास्त. परिणाम असा की, कायदा लागू होण्यापूर्वीच पुष्कळ उत्पादकांनी साखर कमी केली. मुलाला उपदेश नाही, आईला दोष नाही. बाटलीतच बदल झाला. चिलीने २०१६ पासून वेष्टनावर काळी अष्टकोनी मुद्रा सक्तीची केली, 'साखर जास्त', 'मीठ जास्त' अशी. आणि अशा पदार्थांवरची मुलांना भुलवणारी चित्रे व खेळणी बंद केली.

आपल्याकडे केरळने २०१६ मध्ये नावाजलेल्या उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झा वगैरेंवर १४.५ टक्के कर लावून पाहिला. वर्षभरातच वस्तू व सेवा कर आला आणि तो प्रयोग त्यात विरून गेला. आज वायुयुक्त गोड पेयांवर चाळीस टक्के कर आहे, हे चांगलेच. पण साखर भरपूर असलेल्या आणि अजिबात नसलेल्या गोड पेयाला तोच कर असल्याने, साखर कमी करण्याचे कारण उत्पादकाला उरत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट, बिस्किटे, फरसाण, झटपट शेवया हे सारे पाच टक्क्यांच्या गटात खाली आले. गृहिणीच्या दृष्टीने ती स्वस्ताई स्वागतार्ह असेल. पण त्याच वर्षी पंतप्रधान तेल दहा टक्के कमी वापरण्याचे आवाहन करीत होते, हे आठवले की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घेतल्यासारखे वाटते.

शाळांविषयी आपल्या महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता. मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, गोड पेये यांना बंदी करून, त्याऐवजी पोळीभाजी, भात, इडली, खीर, नारळपाणी असे पदार्थ सुचवणारा शासननिर्णय निघाला. पुढे २०२० साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरासाठी नियम केले. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत अति साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकता येणार नाहीत. नियम उत्तम. मी एका सायंकाळी नातवाच्या शाळेच्या फाटकापासून पावले मोजली. बावन्नाव्या पावलावर पहिले दुकान, म्हणजे जेमतेम पस्तीस-चाळीस मीटर. दुकानाच्या तोंडाशीच पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. दुकानदार भला माणूस आहे. असा नियम आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, फाटकाबाहेर आमचा अधिकार नाही. प्रभाग कार्यालयात गेलो तर, हे काम अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचे. ज्या नियमाचा पन्नास मीटरचा फीत कोणी धरायचा हेच ठरलेले नाही, तो नियम कागदावर फार सुबक दिसतो.

त्या मानाने मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना 'साखर-फलक' लावण्याची जी सूचना केली ती मला आवडली. त्या परिपत्रकात म्हटले आहे की, चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी तेरा टक्के आणि अकरा ते अठराच्या मुलांत पंधरा टक्के साखरेतून येतात. असावेत पाच टक्के. हे पाच टक्के म्हणजे किती? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सोळाशे उष्मांक धरले तर ऐंशी उष्मांक, म्हणजे वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे. तीनशे मिलिलिटरच्या कोला पेयाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. म्हणजे एका बाटलीत दीड दिवसाचा शिधा संपला. हे गणित मुलांना फार पटकन समजते. मोठ्यांना समजायला वेळ लागतो, कारण आपण मध्येच "एखादे वेळी काय होते" हे पद घालतो.

पण मला विचाराल तर या प्रदेशाने आपल्याला याहून मोठा धडा दिला आहे. १९२० साली मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील एका शाळेत मुलांना जेवण देण्यास आरंभ केला. १९५६ मध्ये कामराजांनी ती कल्पना राज्यभर नेली, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला पौष्टिक आहार योजनेचे विशाल रूप दिले, पुढे तीत अंडे आले, आणि सप्टेंबर २०२२ पासून सकाळची न्याहारीही सुरू झाली: उप्पुमा, पोंगल, खिचडी आणि सोबत भाज्यांचे सांबार. १९८२ साली पुष्कळ अर्थशास्त्र्यांनी नाके मुरडली होती, हे मी स्वतः वृत्तपत्रांत वाचले आहे. ही योजना भुकेसाठी होती, लठ्ठपणासाठी नव्हे. परंतु तिने एक तत्त्व प्रस्थापित केले: मूल शाळेत असते तेव्हा त्याच्या पोटाची जबाबदारी समाजाची आहे. खाजगी शाळेतल्या आपल्या मुलांच्या बाबतीत ती जबाबदारी कोणी घेतली आहे? तेथे आपण भरमसाट शुल्क देतो आणि मुलाची दुपार एका ठेकेदाराच्या हाती सोपवतो. शिजवलेले, ताजे, सर्वांना एकच, अशी न्याहारी सरकारी शाळेत मिळते आणि पुडके खाजगी शाळेत, हा विपर्यास मला दररोज डाचतो.

खेळाविषयी थोडे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथील नगररचनेच्या नियमाप्रमाणे दहा हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के जागा मोकळी ठेवून ती दानपत्राने शासनाकडे द्यावी लागते. ती जागा सार्वजनिक असते. आपण राहतो त्या वसाहतींनी दिलेल्या अशा जागा कोठे आहेत, त्यांना कुंपण कोणी घातले, फाटकाला कुलूप कोणाचे, हे शोधण्यासाठी आपल्यातील दोन निवृत्त अभियंत्यांनी महानगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केले आहेत. मला या अर्जांकडून डझनभर व्याख्यानांपेक्षा अधिक आशा आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, आणि तीही स्वानुभवाची. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या आरोग्यशिबिरात मी मुलांची वजने घेतली आणि उत्साहाच्या भरात ती मोठ्याने पुकारली. वहीत लिहिणारा स्वयंसेवक दूर बसला होता, एवढेच निमित्त. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा आकडा ऐकून मागची मुले हसली. ती मंगळागौरीच्या खेळांत फार सुरेख फुगडी घालीत असे. त्यानंतर ती मंडळात आली नाही. सिंगापूरने हीच चूक राष्ट्रीय पातळीवर केली. १९९२ साली तेथे लठ्ठ मुलांना वेगळे काढून व्यायाम करवणारी योजना सुरू झाली. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे उलटी वाचली की 'फॅट' शब्द होत असे, आणि मुलांनी तो शोध लावायला वेळ घेतला नाही. आकडे खाली आले. पण मुले चिडवली जाऊ लागली, आणि २००७ साली ती योजना गुंडाळली गेली. मुलाला लाजवून त्याचे वजन उतरवता येते असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास वाचावा. 'ढब्बू', 'भोपळा' ही आपली लाडाची संबोधनेही त्या मुलाच्या कानांनी एकदा ऐकून पाहावीत.

आता मंडळाकडे येतो. बाप्पाच्या मोदकाशी माझे भांडण नाही. तो वर्षातून एकदा येतो आणि उकडून येतो. माझे भांडण आहे ते दर महिन्याच्या कार्यक्रमानंतर मुलांच्या हाती जाणाऱ्या बटाटेवडा, वेफर्स आणि थंड पेयाच्या पाकिटाशी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पाकशास्त्राची हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. या मुलखात मराठी स्वयंपाक तीन शतके नांदला आहे आणि त्याने इथल्या चुलीकडून घेण्यात कधी कमीपणा मानला नाही. मग आपणच नवरात्रातले सुंडल का उचलू नये? उकडलेले हरभरे, मोहरीची फोडणी, ओले खोबरे, चिमूटभर हिंग. दोनशे मुलांना पुरेल इतके तासाभरात होते. आपण जिला नाचणी म्हणतो तिला येथे केळ्वरगु म्हणतात आणि रस्त्याच्या कडेला तिची आंबील, म्हणजे कूळ, मातीच्या मडक्यातून मिळते. गेल्या रामनवमीला मी मुलांसाठी सुंडल सुचवले तेव्हा महिला विभागाने ते केलेही. अर्धी मुले नाखूश होती हे मान्य करतो. अर्ध्यांनी पुन्हा मागितले.

राहिली गोष्ट पैशाची, आणि ती अवघड आहे. जिच्यात हे व्याख्यान छापले जाणार आहे त्या स्मरणिकेच्या मलपृष्ठासाठी एका थंड पेयाच्या वितरकाने चांगली रक्कम देऊ केली आहे. सोबत बालविभागाच्या बक्षीससमारंभाला त्यांचा फलक आणि प्रत्येक मुलाला एक बाटली. कोषाध्यक्षांनी मला सरळ विचारले, "डॉक्टरसाहेब, तुमची तत्त्वे छापायला कागद लागतो. तो कोण देणार?" प्रश्न रास्त होता. चाळीस वर्षांपूर्वी डब्याचे दूध घेताना आम्हाला तो कोणी विचारला नाही, म्हणून मला त्याचा राग आला नाही, उलट बरेच वाटले. त्या दिवशी सायंकाळी मी त्या चौकटीतल्या प्रशस्तिपत्राच्या घरी गेलो. त्याची सहा वर्षांची मुलगी दारात दोरीवरच्या उड्या मारीत होती. त्याने सारे ऐकून घेतले आणि मलपृष्ठाच्या रकमेचा बारावा हिस्सा स्वतः देण्याचे कबूल केले. त्या पानावर काही छापायचे असेल तर मंडळाच्या बारा कुटुंबांची नावे छापावीत, नाहीतर ते कोरे ठेवावे, असे त्याचे म्हणणे. आजपर्यंत पाच कुटुंबांनी होकार दिला आहे. वितरकाला उत्तर कळवायला येत्या रविवारपर्यंत मुदत आहे. कोषाध्यक्ष पावतीपुस्तक घेऊन त्या दाराजवळच्या खुर्चीत बसले आहेत.